दिवा लाल व्हायचा

मुलीने हवा गाळायचं यंत्र आणून माझ्या पलंगाशेजारी ठेवलं, तेव्हाच मी म्हटलं, "हा घरजावई मला नको." पण माझं ऐकतंय कोण? डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं, या वयात धूर-धूळ नुसती छातीत बसत नाही, हृदयालाही त्रास देते. आमच्या खिडकीखालून दिवसभर ट्रक जातात. डॉक्टरांचं खरंच असेल. पण माझ्या खोलीतल्या हवेत काय आहे, हे त्यांना कुठे माहीत होतं?

हे लाकडाला पॉलिश करायचे, जन्मभर. स्पिरिट आणि लाखेचा वास शर्टात असा मुरायचा की धुऊनही हटत नसे. "जेवताना तरी तो शर्ट काढा," मी म्हणायचे. हे म्हणायचे, "मग मला ओळखशील कशी?" आता हे नाहीत, आणि शेवटचा, न धुतलेला शर्ट कपाटात ठेवून मी त्या वासावर दिवस काढते. हसायचं तर खुशाल हसा.

यंत्राने वास खाऊ नये म्हणून मुलगी कामाला गेली की मी ते बंद करायचे. एक दिवस विसरले. शर्ट बाहेर काढला, तसा यंत्राचा हिरवा दिवा लाल झाला आणि ते घरघरत सुटलं. आधी दचकले. मग कळलं, मेल्याने ह्यांना ओळखलं.

"आलात?" मी म्हटलं.

तेव्हापासून यंत्र चालूच. दुपारी जेवण झालं की कपाट उघडायचं, दिवा लाल व्हायचा, आणि मी बोलत बसायचे. नळवाला अजून फिरकला नाही, पोरीचा हात मिठाला अजून सैलच आहे. मुलीला वाटलं, आईने हट्ट सोडला. माझा रक्तदाब उतरला, जिना चढताना होणारी धडधड कमी झाली. "मानवलं की नाही?" ती विचारायची. मानवलं होतं, खोटं कशाला बोलू? फक्त ते रोज ह्यांना ओळखतं म्हणजे रोज थोडं थोडं खातं, हे माझ्या टाळक्यात शिरलं नाही.

काल दुपारी कपाट उघडलं. दिवा हिरवा. शर्ट झटकला, तरी हिरवा. कॉलर, बाह्या, सगळं यंत्राच्या जाळीवर धरून पाहिलं. ढिम्म. मग मीच नाक खुपसलं. नुसतं कापड होतं. "अहो," म्हटलं. हे गेले त्या दिवशीही मला इतकी आठवण आली नव्हती.

संध्याकाळी मुलगी आली. चपला काढता काढताच दिव्याकडे बघून खूश झाली.

"आज हवा अगदी स्वच्छ आहे, आई."

"हो," मी म्हटलं. "तुझे बाबा गेले."

ती जवळ आली. माझ्या मांडीवरचा शर्ट उचलून तिने नाकाला लावला, आणि बराच वेळ तसाच धरला. मग खांद्यावरची पर्सही न काढता माझ्या शेजारी बसली.