हिरव्या खड्यांचे कफलिंक्स

मी रक्त-लघवी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. लोकांनी डबीत भरून आणलेलं काय काय दिवसभर हाताळते आणि मधल्या सुट्टीत निवांत डबा खाते. मला सहसा कशाची किळस येत नाही. पण दादाच्या बढतीच्या पार्टीत जी आली, ती अजून गेलेली नाही.

त्याआधी आई न्हाणीघरात घसरून पडली होती. खुब्याचं ऑपरेशन करावं लागलं. आत नेण्यापूर्वी नर्सने तिची कानातली उतरवली आणि दादाच्या हातात दिली. हिरव्या चौकोनी खड्यांची, सोन्याच्या कोंदणातली. त्यातल्या एका खड्याचा कोपरा उडालेला होता. कधीतरी ओट्यावर आपटून टवका गेला होता, पण आईने तो खडा कधी बदलला नाही.

बरी झाल्यावर आई माझ्याकडे राहायला आली. दादाचा फोन आला की हमखास विचारायची, "अरे, माझी कानातली?"

"लॉकरमध्ये आहेत गं. सुरक्षित आहेत. आता घरात बसून तुला कशाला हवीत?"

भोकं बुजू नयेत म्हणून तिने दोन्ही कानांत दोरा ओवून घेतला होता. ओला झाला की तो कुबट वास मारायचा. मी बदलून द्यायचे.

पार्टी हॉटेलात होती. दादाच्या ऑफिसातले लोक, त्याचे मोठे साहेब, वहिनी, आई आणि मी एकाच लांब टेबलाशी बसलो होतो. दादाने कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. बाह्यांना बटणं नव्हती, कफलिंक्स होते. हात पुढे करताना तो कोट मुद्दाम मागे सारत होता, सगळ्यांना ते दिसावेत म्हणून. मला हिरवं काहीतरी चमकलेलं दिसलं. लक्ष दिलं नाही.

मग ब्रेडच्या टोपलीकडे हात नेताना त्याची बाही सूपमध्ये बुडाली. त्याने मनगट तोंडाशी नेलं आणि कफलिंक चाटून साफ केला. जीभ फिरवून, अगदी कडेकडेने. तेव्हा तो कफलिंक मला नीट दिसला. खड्याचा कोपरा उडालेला होता.

मी घास तोंडातून काढून ताटलीत ठेवला.

तेवढ्यात साहेब म्हणाले, "वा, कफलिंक्स झकास आहेत हो!"

दादा उभाच राहिला. जणू याचीच वाट बघत होता. आईच्या खुर्चीमागे गेला, दोन्ही हात तिच्या खांद्यांवर ठेवले आणि भरल्या आवाजात म्हणाला, "ही माझ्या आईची कानातली आहेत. मुद्दाम घडवून घेतली. म्हटलं, आपण कुठेही असलो तरी आईचा आशीर्वाद आपल्या हाताशी असावा."

टाळ्या पडल्या. एका बाईंनी डोळ्यांच्या कडा टिपल्या. वहिनी मात्र पेल्यातला बर्फ ढवळत बसली. आईच्या कानात तो दोरा होता आणि त्याच्या वीतभर खाली, दादाच्या बाहीत, ते हिरवे खडे. ओठांच्या कोपऱ्यातलं सूप त्याने अजून पुसलेलं नव्हतं.

आईने मान वळवून खांद्यावरच्या मनगटाकडे बघितलं. मग दुसऱ्याकडे.

मी आवाज शक्य तितका गोड केला. "दादा, काढून दे ना जरा. आईला हातात घेऊन बघू दे."

"आत्ता कशाला? घरी गेल्यावर..."

"द्या हो," साहेब म्हणाले. "आईंचा पहिला हक्क!"

साहेबांपुढे त्याचं काही चाललं नाही. कफलिंक्स निघाले आणि बाह्यांची तोंडं उघडी पडून लोंबायला लागली. आईने ते तळहातावर घेतले, उलटे केले. कानात घालायच्या काड्या कापून तिथे जाड दांड्या डकवल्या होत्या. कोंदणाच्या खाचेत सूप होतं, आणि त्याच्याखाली काळपट, चिकट, जुना मळ.

"ऑपरेशनला काढली होती ही," आई साहेबांना शांतपणे म्हणाली. "मी दर फोनला विचारते. हा म्हणतो, लॉकरमध्ये आहेत."

मला वाटलं, आता तरी हा खाली मान घालेल.

दादाने दीर्घ श्वास सोडला. आईच्या केसांवरून हात फिरवला आणि साहेबांकडे बघून हळूच डोळे मिटले. "भूल दिल्यापासून तिला आठवत नाही हो. तिला विचारूनच केलं होतं. आम्ही आता फारसं मनावर घेत नाही."

"वय झालं की व्हायचंच," साहेब कळवळून म्हणाले. डोळे टिपणाऱ्या बाईंनी पुन्हा टिपले.

"खोटं बोलतोय हा!" मी म्हणाले. "काही विसरलेली नाही ती!"

"माझ्या बहिणीचा जीव आहे ना आईवर," दादा सगळ्यांना समजावत म्हणाला. "तिला हे सहन होत नाही."

आता मी काहीही बोलले तरी ते त्याच्याच पथ्यावर पडणार होतं. आईने कफलिंक्स पर्समध्ये टाकले, काठी घेतली आणि मला म्हणाली, "चल." आमच्यामागे दादा मोठ्याने सांगत होता, "दमते हल्ली लवकर."

रिक्षात बसल्यावर तिने कानांतले दोरे उपसून बाहेर फेकले.

दुसऱ्या दिवशी मी कफलिंक्स गरम पाण्यात घालून जुन्या ब्रशने घासले. पाणी गढूळ झालं, वर तेलकट तवंग आला. हातमोजे घालूनही मला ते धरवत नव्हते. "सोनार काड्या परत लावून देईल," मी आईला म्हणाले.

"नकोत. माझ्या डोळ्यांसमोर ठेवू नकोस."

दादाने माफी मागितली नाही. दर रविवारी त्याचा फोन मात्र येतो, आणि आई तो घेते. "जेवलास का रे?" असं विचारते. तिचा आवाज मऊ होतो, अगदी पहिल्यासारखा. मी उठून गॅलरीत जाते आणि दार ओढून घेते. मला दादाची किळस येतेच. पण आईच्या त्या मऊ आवाजाचीही येते, आणि हे तिला कधी सांगता येईल असं मला वाटत नाही.