गुडघ्यांचा विचार करून

आमच्या कंपनीचे प्रमुख सुलिए साहेब यांची भाषणे मी लिहितो, आणि माझी वाक्ये त्यांच्या तोंडी गेली की मलाच ती खरी वाटू लागतात. त्या दुपारी तुलूझच्या आमच्या विमान कारखान्यात, पॅरिसहून आलेल्या बातमीदार बाईंना ते सांगत होते, "दहा वर्षं पुरतील एवढ्या विमानांच्या मागण्या हातात आहेत, बाई. पण इंजिनं वेळेवर येत नाहीत, खुर्च्या येत नाहीत, संडासाची दारंसुद्धा अडून बसतात. तरी घाई करणारा या धंद्यात टिकत नाही. चूक दिसताच काम थांबवतो, तो कामगार माझ्या लेखी सर्वांत मोठा."

ते शेवटचे वाक्य मी तीन दिवस घासले होते.

"असा एखादा दाखवा की," बाई म्हणाल्या.

साहेब माझ्याकडे वळले. "रेमी, तो आपला... फेब्रुवारीतला. काय रे त्याचं नाव?"

"कास्तेरां," मी म्हणालो. ते विसरणे मला शक्य नव्हते.

आमच्याकडे प्रत्येक हत्याराला पेटीत त्याच्याच आकाराची खाच असते. पाळी संपताना एकही खाच रिकामी राहता कामा नये. हरवलेला पाना विमानाच्या पोटात राहिलेला असू शकतो. फेब्रुवारीत कास्तेरांच्या पेटीतली एक खाच रिकामी निघाली. त्याने स्वतःहून सांगितले. दोन दिवस अर्धे झालेले विमान उसकटले गेले, आणि तिसऱ्या सकाळी पाना त्याच्याच कोटाच्या फाटक्या अस्तरात सापडला. तेही त्यानेच येऊन सांगितले. आठवड्याच्या आत त्याची बदली भांडारात झाली. निवृत्तीपूर्वी एक शेवटचे विमान आपल्या हातून बाहेर पडावे, एवढीच त्याची इच्छा होती. बदलीचे पत्र मी लिहिले होते.

विमान थांबवल्याची हकिगत बाईंना वाटेत सांगून आम्ही भांडारात पोहोचलो, तेव्हा तो खोक्यांवर चिठ्ठ्या लावत होता. मला पाहून म्हणाला, "या, लेखकराव. आज कुणाला कुठं पाठवताय?"

बाई हसल्या. "विमान थांबवलंत ते तुम्हीच ना? मग इथं कसे?"

साहेब जवळच्या खोक्यावरची चिठ्ठी वाचू लागले. ही शिक्षा आहे, याला परत घ्या, एवढेच मला म्हणायचे होते. बातमीदारासमोर साहेबांना नकार देणे जड गेले असते. वाक्य घशापर्यंत आले, आणि तिथेच मी ते घासत राहिलो.

कास्तेरांने क्षणभर वाट पाहिली. मग पाठ म्हणावा तसे म्हणाला, "माझ्या दीर्घ सेवेची कृतज्ञ जाण ठेवून, आणि माझ्या गुडघ्यांचा विचार करून, कंपनीने मला ही तुलनेने आरामाची जागा दिली."

शब्दन् शब्द माझ्या त्या पत्रातला होता, स्वल्पविरामांसकट. तो टोमणा होता की दया, मला कळले नाही.

"किती छान," बाई लिहून घेत म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "असंच ना?"

"असंच," मी म्हणालो.

ते दोघे बाहेर पडले. मी मागे रेंगाळलो. कास्तेरांने एक जड खोके खांद्यावर घेतले आणि तो झपाझप शिडी चढू लागला. मी धावत जाऊन शिडी धरली.

"सोड, पोरा," वरून तो म्हणाला. "शिडी मजबूत आहे. गुडघेही."

मी सोडली नाही. पण तो खाली उतरेपर्यंत मान वर करण्याचेही मला धैर्य झाले नाही.