सहा गैरहजर

“तू पण ऊठ,” बाई म्हणाल्या आणि ती उठली. आधी पाच जण उभे होतेच, ती सहावी.

तिसरीचा वर्ग त्या दिवशी ओळखू येत नव्हता. खिडक्या पुसलेल्या, फळ्याच्या कडेला रंगीत खडूची वेलबुट्टी, आणि एरवी टाचणीएवढा आवाज झाला तरी खेकसणाऱ्या बाई गोड बोलत होत्या. अकरा वाजता तपासणीचे साहेब यायचे होते.

बाईंनी सहा जणांना दाराबाहेर नेलं. खेळाच्या सामानाची खोली आवरायची आहे, काम महत्त्वाचं आहे, घंटा होईपर्यंत कुणी बाहेर यायचं नाही, असं त्यांनी हळू आवाजात बजावलं. मग तिच्या डोक्यावर हात ठेवला. “रिंगा तू मोजायच्या हं.”

तिला आभाळ ठेंगणं झालं. तीन वर्षांत तिला कुणी साधा डस्टर झटकायला सांगितलं नव्हतं. वाचायला उभी राहिली की पहिल्याच जोडाक्षरापाशी तिची गाडी रुतायची, आणि मागच्या बाकांवर खसखस पिकायची. वर्गात तिला गोगलगाय म्हणत. घरी वडिलांना हे ठाऊक होतं. ते कारखान्यात लेथवर होते, बावीस वर्षांत विनापरवानगी एक खाडा नाही. “हुशारी आपल्या हातची नाही बेटा,” ते तिला म्हणायचे, “पण हजर राहणं आपल्या हातचं आहे.” तिने ते मनावर घेतलं होतं. शाळा सुरू झाल्यापासून तिची एक दांडी नव्हती. पाय मुरगळला तेव्हा वडिलांनी चार दिवस तिला पाठुंगळी आणून बाकावर बसवलं आणि तसेच पाळीला पळाले. पूर्ण हजेरीचं प्रमाणपत्र वर्षाअखेरीस सगळ्या शाळेसमोर मिळायचं, आणि वर्गात आता त्याच्या शर्यतीत ती एकटी उरली होती.

खोलीत धूळ आणि जुन्या रबराचा वास होता. तिने रिंगा कोपऱ्यात काढल्या आणि मोजायला घेतल्या. बाकीच्यांत एक अडखळत बोलणारा होता, एक मुलगी नुसतीच बोटं चोखत बसायची. सगळ्यात दांडगा होता तो तिसरीत दुसऱ्यांदा बसलेला. तो फुटक्या चेंडूवर आरामात बसला होता.

“कशाला मोजतेस?” तो म्हणाला.

“बाईंनी सांगितलंय.”

“मला गेल्या वर्षी दोऱ्या मोजायला सांगितल्या होत्या.” त्याच्या आवाजात राग नव्हता, माहिती होती. “आपण ढ आहोत म्हणून इथे. साहेबांनी आपल्याला काही विचारलं तर बाईंची पंचाईत.”

तिने पुढची रिंग उचलली. मोजणी चुकली, तिने पहिल्यापासून सुरू केली. एकतीस भरल्या. खात्री करायला पुन्हा मोजल्या, एकतीसच. भिंतीपलीकडे वर्ग एका सुरात पाढे म्हणत होता. मग साहेब काहीतरी म्हणाले आणि सगळे हसले. बाईसुद्धा हसल्याचं तिला ऐकू आलं. बाई हसतात कशा, हे तिने कधी ऐकलंच नव्हतं.

घंटा झाल्यावर सहाही जण हातपाय झटकत परतले. वर्गाच्या दाराशी छोटा फळा होता. त्यावर रोज पट आणि हजेरी लिहीत. अक्षरं तिला दमवायची, पण आकडे कधी दगा देत नसत. पट बेचाळीस. हजर छत्तीस. गैरहजर सहा.

बाई टेबलाशी घाम पुसत बसल्या होत्या. परीक्षा त्यांचीच झाल्यासारखा त्यांचा चेहरा होता, आणि पास झाल्यासारखा. ती जवळ जाऊन उभी राहिली.

“बाई, रिंगा एकतीस आहेत.”

“कसल्या रिंगा?” बाई म्हणाल्या, आणि मग त्यांना आठवलं. “हो, हो. शहाणी.”

“बाई, मी हजर होते.”

बाईंनी दाराकडे पाहिलं. हेडमास्तर साहेबांना सोडायला फाटकापर्यंत गेले होते. “मला ठाऊक आहे गं,” त्या म्हणाल्या. “पण साहेबांनी डोकी मोजली ना. हजेरीपटात तसंच लिहावं लागतं. उद्या घरून चिठ्ठी आण, आजारी होते म्हणून. सगळ्यांनीच आणा.”

“पण मी शाळेत होते.”

“शाळेत होतीस. वर्गात नव्हतीस.” बाईंचा गोडवा साहेबांबरोबर फाटकाबाहेर गेला होता. “जा, जागेवर बस.”

संध्याकाळी वडील हातपाय धुऊन बसल्यावर तिने सगळं सांगितलं. सांगताना रडली नाही. वडिलांनी मध्ये एकदाच विचारलं, की चिठ्ठी आणायला बाईंनी स्वतः सांगितलं का. मग ते उठले, खुंटीवरचा सदरा घातला, बटणं लावली. हेडमास्तरांचं घर दोन गल्ल्या टाकून होतं.

“जाऊन काय सांगणार?” आई म्हणाली. ती दारातच उभी होती. “ज्याच्या हाती ससा तो पारधी. तुम्ही भांडून याल, आणि वर्षभर त्याच बाईंसमोर बसायचंय हिला.”

वडील चपलेत पाय घालून बराच वेळ उभे राहिले. त्यांनी बायकोकडे पाहिलं नाही, मुलीकडेही नाही. मग चपला काढल्या. सदरा मात्र तसाच ठेवला, आणि तिच्याच वहीचं मधलं पान मागून घेऊन जमिनीवर बसले.

ते सावकाश लिहीत होते, लोखंडावर खूण करावी तसे एकेक अक्षर दाबून. ती त्यांच्या कोपराशी वाकली.

“काल नाही, आज,” ती म्हणाली.

“उद्या वाचतील ना बाई. म्हणून काल.”

त्यांनी खाली सही केली आणि शाई वाळायला कागद समोर धरला. तिने ओळीखाली बोट ठेवलं.

“माझी मुलगी काल तापाने आजारी होती. त्यामुळे ती शाळेत आली नाही. क्षमा असावी.”

ती कुठेही अडली नाही. त्या-पाशी नाही, क्ष-पाशी नाही. अख्खी ओळ तिने या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात वाचली, आणि वर मान करून वडिलांकडे पाहिलं.

आई आत निघून गेली. वडिलांनी चिठ्ठीची घडी घालायला घेतली, पण कडेला कड काही केल्या जुळेना.