पूजेतून उचललेली किल्ली

दसऱ्याच्या दिवशी दुपारी पावणेचार वाजता कारभारीच्या जीपची किल्ली कुलपात अडकली. अर्धी आत, अर्धी बाहेर. ती पुढे सरकेना, फिरेना आणि मागेही येईना. जीपच्या मागच्या बाकावर लंकाबाई नावाची शेजारीण आडवी होती. तिच्या उजव्या पायाला घोट्याच्या वर नाग चावला होता. साल १९७८. गाव देवळ्याच्या बाजूचं, चांदवडच्या रस्त्यापासून थोडं आत.

मित्रांनो, ती किल्ली म्हणजे मी. आता मी पुरती किल्ली राहिलेली नाही. बोटांत धरायचं डोकं तेवढं उरलं आहे आणि ते कारभारीच्या बायकोच्या, चांगुणाच्या, मुठीत आहे. पण जे घडलं ते माझ्यासमोर घडलं, म्हणून क्रमाने सांगते.

माझा जन्म कारखान्यातला नाही. या जीपची अस्सल किल्ली पोलादी होती. ती कारभारीने लासलगावच्या बाजारात, कांद्याच्या ढिगांमध्ये कुठेतरी हरवली. मग नाशिकला भद्रकालीत, रस्त्याच्या कडेला पेटी मांडून बसणाऱ्या एका म्हाताऱ्या किल्लीवाल्याने मला पितळेच्या पट्टीतून कानशीने घासून काढलं. तो एक दात घासायचा, डोळ्याजवळ नेऊन बघायचा, पुन्हा घासायचा. शेवटी मला कारभारीच्या हातात देताना म्हणाला, "पितळ आहे, शेठ. प्रेमाने फिरवा, जोर करू नका."

शेठ म्हटल्यामुळे कारभारी इतका खूश झाला की पुढचं वाक्य त्याने ऐकलंच नाही.

माझे सुरुवातीचे दिवस फार मानाचे होते. गावात चारचाकी एकच, सरकारी खात्याच्या लिलावात घेतलेली ती जुनी जीप. मला एक घर फिरवलं की वीज चालू व्हायची, दुसरं घर फिरवलं की इंजिन. मी फिरले की नवरदेव निघायचे, व्यापारी निघायचे, नामपूरला दिलेल्या लेकी माहेरी यायच्या. कारभारी मला बोटाभोवती गरगर फिरवत पारावर बसायचा. लोक विचारायचे, "काय कारभारी, आज कुठं?" तो उत्तर देण्याआधी मला एकदा वाजवायचा.

पुढे माणसाला सवय होते. कारभारी माझ्याने कान खाजवू लागला. सोड्याच्या बाटलीचं बूच उघडू लागला. एकदा रंगाच्या डब्याचं गंजलेलं झाकण उचकटताना माझ्या मानेवर केसाएवढी चीर पडली. ती कुणाला दिसली नाही. मला रोज जाणवायची.

वर्षातून एक दिवस मात्र मला पूर्ण विसावा असे, तो दसऱ्याचा. त्या दिवशी घरातली सगळी अवजारं धुऊन पाटावर मांडायची, त्यांची पूजा करायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, अशी या घरची रीत. विळा, कुऱ्हाड, पेरणीच्या पाभरीचे फाळ आणि त्यांच्या शेजारी मी. आजही तसंच झालं. चांगुणाने मला चिंचेने घासून लख्ख केलं, हळद-कुंकू पाण्यात कालवून त्याची बोटं माझ्यावर ओढली, वर अक्षता दाबल्या. ओल्या कुंकवात तांदळाचे दाणे रुतून बसले. अंगणात जीपला झेंडूचा हार घातला होता. मी पाटावर होते आणि माझं काम उद्यावर गेलेलं होतं.

साडेतीनच्या सुमाराला गोरक्ष धावत आला. गोरक्ष लंकाबाईचा नवरा, दोन घरं सोडून राहणारा. त्याच्या पायात वहाण नव्हती.

"कारभारीभाऊ, गाडी काढा! लंकीला पान लागलं!"

आमच्या भागात साप चावला असं तोंडाने म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. कारभारी उठला. "कुठं? कसं?"

"कांद्याच्या चाळीत. सडका कांदा वेचायला गेली व्हती. सण हाय, ऱ्हाऊ दे म्हणलो, तर म्हणे वास येतोय. नाग व्हता. मी डोळ्यांनी पाह्यला."

मागून चौघांनी लंकाबाईला बाजेवर घालून आणलं. गावातले डॉक्टर बरोबर होते. त्यांनी पायाला पट्टी आणि फळी बांधली होती. ते म्हणाले, "माझ्याकडे या विषावरचं औषध नाही. नाशिकला मोठ्या दवाखान्यात न्या. पाय हलवू देऊ नका. पापण्या जड व्हायला लागल्यात, म्हणजे विष चढतंय. पुढे श्वास अडतो. तिला बोलती ठेवा आणि नजर ठेवा."

"मालेगाव जवळ पडंल की," कुणीतरी म्हणालं.

"श्वास अडला तर यंत्र लागेल. ते नाशिकला नक्की आहे. वाद घालू नका, निघा."

गावात दुसरी गाडी नव्हती. आसपासच्या जीपगाड्या नवरात्रामुळे सप्तशृंगीच्या गडावर गेलेल्या. एसटी निघून गेलेली. ट्रॅक्टरने नाशिक गाठायचं तर रात्र झाली असती.

कारभारी घरात शिरला आणि पाटासमोर थांबला. त्याचा चुलता धोंडीराम ओट्यावरून बघत होता. त्याला सगळे तात्या म्हणत. तात्या म्हणाला, "पूजेतली हाय रं ती. आज हलवायची नसते."

कारभारीचा हात हवेतच राहिला. चांगुणाने पुढे होऊन मला पाटावरून उचललं आणि त्याच्या हातात कोंबलं. "देवी काय तिकडं गाडी चालवाया येणार हाय का? पळा!"

त्या क्षणी एक गोष्ट राहून गेली. मला कुणी पुसलं नाही.

कारभारीने मला कुंकवासकट, अक्षतांसकट कुलपात खुपसलं. अर्ध्यावर काहीतरी कचकन दाटलं. त्याने जोर केला. मी आणखी रुतले.

"काय झालं?" गोरक्षने मागून विचारलं. तो लंकाबाईचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता.

"काय नाय. बसली जराशी."

त्याने मला डावीकडे दाबलं, उजवीकडे दाबलं. मग पकड मागवली. पकडीच्या दातांनी माझ्या डोक्यावर चरे पडले, मानेवरची चीर लांबली. मी ओरडू शकत नाही, मित्रांनो. धातूचं एवढंच वाईट असतं, तुटेपर्यंत त्याचं दुखणं ऐकू येत नाही.

तात्या खाली उतरून जीपपाशी आला. "भद्रकालीची पितळी किल्ली! अस्सल घातली लासलगावच्या कांद्यात, अन् आता मोड ही पण."

"तात्या, तुम्ही गप बसा."

"मी गप बसून ती फिरणार असंल तर बसतो."

मागे गोरक्ष लंकाबाईला बोलती ठेवत होता. "लंके, चाळीत किती कांदा हाय सांग."

"तुम्हाला... म्हाईत नाय व्हय?" तिची जीभ जड झाली होती. "रोज तर मोजता."

"इसरलो. तू सांग."

"इसरभोळा दादला." तिने डोळे उघडायचा प्रयत्न केला. डावी पापणी अर्धी उघडली, उजवी उघडलीच नाही.

गोरक्षने ते पाहिलं आणि तो ओरडला, "भाऊ, वायरी डायरेक जोडा! जत्रेत टुरिंग टॉकीजवाल्यांनी त्यांची गाडी जोडली व्हती ना तशी!"

कारभारीने खाली वाकून स्टिअरिंगखालच्या पत्र्यामागच्या दोन वायरी ओढल्या आणि टोकं एकमेकांना लावली. ठिणगी उडाली. रबर जळाल्याचा वास आला, बारीक धूर निघाला. त्याने हात झटकला. "नाय. कोणती कुठली कळत नाय. सगळंच जळलं तर किल्ली निघून पण उपेग नाय."

"मग ढकलू!"

"पेट्रोलची गाडी हाय. विजेबिगर पेटायची नाय."

डॉक्टरांनी लंकाबाईची मान थोडी वळवून तोंडातली लाळ पुसली. तिला ती गिळता येत नव्हती. त्यांनी गोरक्षकडे पाहिलं नाही, कारभारीकडे पाहिलं. तेवढ्याने कारभारीला कळलं. त्याने पुन्हा पकड उचलली. आता तो मला मोडणार होता. मी कुलपात अर्धवट मोडले असते तर जीप अंगणातच राहिली असती आणि लंकाबाईही.

तात्याने तांब्या आणला. "वंगण नसंल तर पाणी मार. कुंकू गेलंय आत, इरघळंल."

तो तांब्या कुलपावर वाकडा करणार, इतक्यात चांगुणाने त्याचा हात धरला. तिला आत्ताच आठवलं होतं. तिचा चेहरा उतरला.

"पाणी नको, तात्या! आत तांदूळ हाय. फुगंल."

"तांदूळ?"

"अक्षता. मीच दाबून लावल्या. पुसली नाय कोणी." ती कारभारीकडे वळली. "अहो, ती पकड ठेवा खाली."

"आता यळ नाय, चांगुणे!"

"मोडली तर लय यळ मिळंल. ठेवा म्हणते ना!"

तिने हे इतक्या जोरात म्हटलं की कारभारीने खरंच पकड ठेवली. ती घरात गेली आणि स्टोव्हची पिन व घासलेटची बाटली घेऊन आली. स्टोव्हच्या तोंडात कचरा अडकला की जिने तो काढतात ती बारीक तारेची पिन. ती जीपच्या पायरीवर गुडघे टेकून बसली. माझ्या कडेच्या फटीत तिने घासलेटचे थेंब सोडले. मग पिन आत घातली.

तिने एकदा पिन बाहेर काढली, डोळे मिटले, पुन्हा घातली. पहिल्यांदा लाल चिखल आला. मग तांदळाचा अर्धा दाणा. मग काहीच येईना.

"वैनी," मागून लंकाबाईचा आवाज आला. तो आता नाकातून येत होता. "सोनं द्याया... येणार व्हते मी."

"येशील. सांजच्याला येशील." चांगुणाने मान वळवली नाही. "आपट्याचं पान मोठं आण. दरसाली बारकं देतेस, चिकटे."

लंकाबाई हसली की खोकली ते कळलं नाही.

चांगुणाने पिन वरच्या बाजूने घातली, हलकेच तिरपी केली आणि ओढली. एक अख्खा दाणा बाहेर आला. त्याच्यामागे कुंकवाची गोळी. तिने मला दोन बोटांत धरलं, थोडं मागे घेतलं, थोडं पुढे ढकललं. दाते आपापल्या जागी बसत गेले. मी आत गेले.

"आता फिरवा," ती म्हणाली, "पण दमानं."

कारभारीने मला फिरवलं. पहिलं घर. समोरचा लाल दिवा लागला. दुसरं घर. इंजिन घुरघुरलं, थांबलं. पुन्हा घुरघुरलं. तिसऱ्यांदा ते पेटलं आणि त्याच झटक्यात माझी मान तुटली. डोकं कारभारीच्या बोटांत आलं, धड कुलपात राहिलं.

इंजिन चालू होतं.

"आता बंद करता यायची नाय," तो म्हणाला.

"करायची कशाला?" चांगुणा ओरडली. "जावा!"

त्याने मला तिच्या हातात टाकलं आणि गियर घातला. डॉक्टर चालत्या जीपमध्ये मागे चढले. त्यांनी बरोबर एक रबरी नळी घेतली होती. ती कशासाठी हे गोरक्षने विचारलं नाही. झेंडूच्या हाराची चार फुलं अंगणात पडली. जीप वळणावरून दिसेनाशी झाली तेव्हा सव्वाचार झाले असावेत.

मित्रांनो, माझ्या जातीच्या वतीने एवढंच मागते. आमची पूजा जरूर करा, वर्षातून एक दिवस कुणी आपल्याला पाटावर बसवतं याचं आम्हालाही अप्रूप असतं. पण कुलपात घालण्याआधी आम्हाला पुसा. उरलेल्या दिवसांत आमच्याने बुचं उघडू नका, झाकणं उचकटू नका. आणि घरात जिला कोणत्या वस्तूवर काय लावलं हे ठाऊक असतं, तिला आधी विचारा, पकड नंतर घ्या. माझं धड कुलपात आहे. ते कधी निघेल, की कुणी कुलूपच बदलून टाकेल, हे मला माहीत नाही. आज मला त्याची फिकीरही नाही. माझा तो अर्धा तुकडा कुलपात जिथे फिरला तिथेच टिकून राहावा आणि इंजिन नाशिकपर्यंत बंद पडू नये, एवढंच मनात आहे.

संध्याकाळी गावातली माणसं शिवेवरून सोनं लुटून परतली. घरोघर आपट्याची पानं देणंघेणं सुरू झालं. चांगुणा रस्त्याला लागून असलेल्या ओट्यावर बसून होती. तिने कुणाला नाही म्हटलं नाही, पानं घेतली, खाली ठेवली. तिची दुसरी मूठ माझ्यावर मिटलेली होती. लंकाबाईची दोन लेकरं तिच्याच घरात जेवत होती. नामपूरहून सणाला आलेली लंकाबाईची आई अक्काबाई दाराशी उभी राहून दर थोड्या वेळाने आपल्या अहिराणीत तेच विचारत होती, "काय व्हयनं वं? काही समजनं का?"

"नाय, मावशी. अजून नाय."

दिवे लागायच्या वेळेला चांदवडकडून एक रिकामा ट्रक आला. तात्या रस्त्यात आडवा उभा राहिला आणि त्याने ट्रक थांबवला. चांगुणा धावत गेली.

"वाटंत जीप दिसली का, भाऊ? झेंडूचा हार असलेली?"

ड्रायव्हरने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "दसऱ्याला सगळ्याच गाड्यांना हार हाय, बाई."

"मागं आजारी बाई व्हती. तिघं माणसं."

तो जरा आठवत राहिला. "हां. एक दिसली. चांदवडच्या अलीकडं, घाट उतरल्यावर. कडंला उभी व्हती."

"उभी? बंद पडली व्हती?"

"नाय, इंजिन चालू व्हतं. मागं दोघं जण बाईवर वाकलेले व्हते. मी विचारलं काय झालं, तर ड्रायव्हरनं हात केला, जा म्हणून."

"बाई कशी व्हती?"

"दिसली नाय. ते दोघं आडवे व्हते ना."

अक्काबाईने दाराची चौकट धरली. चांगुणाच्या मुठीत मी इतकी दाबली गेले की माझी तुटकी कड तिच्या तळहातात रुतली.

"मग?"

"मग काय. मी निघालो. आरशात पाह्यलं तर ती पण हलली व्हती."

"कुठं? तोंड कुणीकडं व्हतं गाडीचं? माघारी का?"

"नाय, माघारी नाय," ड्रायव्हर म्हणाला. "नाशिककडं. जोरात गेली."

त्याने ट्रक सुरू केला. यानंतरची खबर अजून आलेली नाही.