मी कोरे ठरवलेले पान

मी एक जुना स्कॅनर आहे. मित्रांनो, कपाटावर, मोडक्या खुर्चीच्या शेजारी धूळ खात बसलेला तो करडा खोका दिसतो ना, तोच मी. माझी ही दशा पाहून कोणी हळहळू नये. माझ्या हातून जे झाले, त्या मानाने ही धूळ फारच थोडी आहे.

माझा जन्म कारखान्यातला. माझी बरीचशी भावंडे बँकांत आणि कचेऱ्यांत गेली आणि जन्मभर लोकांची ओळखपत्रे चाटत बसली. माझे नशीब थोर, मी विद्यापीठातल्या चित्रकथा-अभ्यास विभागात आलो. विभाग म्हणजे काय, तर जिन्याखालची एक लांबट खोली, दोन टेबले, छताला टेकलेले चित्रकथांचे गठ्ठे आणि बाई. बाई तिथल्या प्राध्यापक. विभागप्रमुखही त्याच, ग्रंथपालही त्याच, आणि पंखा अडला की स्टुलावर चढणाऱ्याही त्याच.

चित्रकथांचा अभ्यास म्हटल्यावर तुम्हाला हसू आले असेल. शेजारच्या इतिहास विभागातल्या सरांनाही यायचे. "काय बाई, आज कुठल्या माकडावर संशोधन?" असे ते दारातून डोकावून विचारत. बाई म्हणत, "तुम्ही राजे शोधा, सर. त्या राजांना हसलेली माणसं मी शोधते." सर माघारी वळत आणि जाताना एखादा अंक हळूच उचलून नेत.

त्या खोलीत बसून मी जग पाहिले. उजवीकडून डावीकडे वाचायच्या चित्रकथा पाहिल्या, एकही शब्द नसलेल्या पाहिल्या, सैनिकांच्या खिशात फिरून घडीवर विरलेल्या पाहिल्या, आणि नायिकेला पोरांनी दाढीमिशा काढलेल्या तर पुष्कळ. बाई चौकट न् चौकट न्याहाळत. कुठल्या देशात घाबरलेल्या माणसाभोवती घामाचे थेंब उडतात, कुठे धावणाऱ्याच्या मागे रेघा ओढतात, दोन चौकटींमधल्या रिकाम्या पट्टीत वाचक मनाने काय भरतो, यावर त्या तासन्‌तास बोलत. ऐकायला बहुधा मीच असे.

माझ्या अंगावर एक खास बटण होते, स्वच्छतेचे. ते दाबले की पिवळा पडलेला कागद पांढराशुभ्र होई, डाग जात, फिक्या रेघा जात, आणि उरे ते फक्त पांढऱ्यावर काळे. "काय नजर आहे याची!" असे बाई म्हणायच्या आणि मी फुगायचो. स्तुतीने माणसे बिघडतात म्हणतात. यंत्रेही बिघडतात, फक्त त्याचा आवाज येत नाही.

एक दिवस एक गृहस्थ काखोटीला गठ्ठा मारून आले. 'कुलूपवाली मावशी' ही साप्ताहिकातली गाजलेली चित्रकथा काढणाऱ्या चित्रकाराचे ते चिरंजीव. ही मावशी घरोघरी कुलपे दुरुस्त करी आणि कुलपाबरोबर त्या घरातली भानगडही सोडवी. शेवटच्या गोष्टीत तिच्या स्वतःच्याच घरातली खोली होती, तिच्या आईने कायमची बंद करून ठेवलेली. मावशी दारापाशी पोचली, तिने किल्ली हातात घेतली, खाली 'पुढील अंकी' असे छापून आले, आणि चित्रकार आजारी पडून दवाखान्यात गेले ते परत आलेच नाहीत. दारामागे काय होते ते कोणालाच कळले नाही. बाई तेव्हा शाळकरी होत्या. पुढच्या अंकासाठी त्यांनी घर डोक्यावर घेतले होते. आता त्या याच चित्रकारावर पुस्तक लिहीत होत्या, आणि त्याची मूळ पाने त्यांच्यासमोर आली होती.

पानांवर काळ्या शाईखाली फिक्या निळ्या पेन्सिलीच्या रेघा होत्या. ही त्या धंद्यातली जुनी रीत. आधी निळ्या पेन्सिलीने कच्चे चित्र काढायचे, मग त्यावर शाई फिरवायची. छापखान्यातल्या कॅमेऱ्याला फिका निळा दिसत नसे, त्यामुळे खोडत बसायला नको.

"हे निळं कोणाचं?" बाईंनी विचारले.

"बाबांचंच, दुसऱ्या कोणाचं? आमची आत्या शेजारी बसायची, पण ती आपली पेन्सिलींना टोकं काढून द्यायची."

बाईंनी मान डोलावली. "जे छापायचंच नाही म्हणून काढलं, ते आपण चारचौघांत कशाला दाखवायचं?" असे म्हणून त्यांनी माझे स्वच्छतेचे बटण दाबले. चित्रकाराचा मान राखावा, एवढाच त्यांचा हेतू होता. मला काय, माझे तर आवडते काम. एकेक पान माझ्या काचेवर येत गेले आणि मी निळे चाटूनपुसून साफ करत गेलो.

गठ्ठ्याच्या तळाशी शेवटचे पान होते. बाईंचा हात कागदावर होता, पण नजर संगणकाच्या पडद्यावर. मी दिवा फिरवला. पडद्यावर नुसते पांढरे आले. "हे कोरंच दिसतंय. गठ्ठ्याला आधार म्हणून ठेवलं असेल," असे म्हणून बाईंनी ते तसेच पालथे बाजूला सारले. मित्रांनो, ते कोरे नव्हते. ते सबंध निळे होते. त्याला शाई तेवढी लागायची राहिली होती.

मग प्रदर्शनाचे ठरले आणि फ्रेमवाला आला. "बाई, ही पेन्सिल राहिली तर काचेखाली मळकट दिसेल. खोडू का?" त्याने विचारले. बाईंनी पडद्याकडे बोट दाखवले. "हे बघा, असं स्वच्छ दिसलं पाहिजे." म्हणजे नमुना म्हणून त्यांनी मलाच पुढे केले. फ्रेमवाल्याने मऊ रबराने हलक्या हाताने सगळे निळे खोडले. एका फ्रेमला पाठीचा कागद कमी पडला, तेव्हा त्याने ते बाजूचे पान उचलले. "हा जाड आहे, घेऊ?" "घ्या की, कोराच आहे," बाई म्हणाल्या. त्याने पान आडवे कापले. वरचा अर्धा भाग फ्रेमच्या पाठीला गेला. खालच्या अर्ध्यावर त्याने डिंकाची बाटली ठेवली आणि काम आटोपल्यावर तो कागद बाकीच्या कपट्यांबरोबर गोळा करून कचऱ्यात टाकला.

प्रदर्शन आमच्याच खोलीत भरले. इतिहासाचे सरसुद्धा आले आणि चक्क तारीफ करून गेले. मग चिरंजीव आपल्या आत्यांना घेऊन आले. हातात काठी, डोळ्यांवर जाड चष्मा. आत्या नाक काचेला टेकवून एकेक पान बघत चालल्या. बाई कौतुकाने त्यांच्या मागे उभ्या होत्या.

"माझं निळं कुठे गेलं?" आत्यांनी विचारले.

"अगं आत्या, ती कच्ची पेन्सिल होती. साफ करून घेतली," चिरंजीव म्हणाले.

"कच्ची?" आत्या वळल्या. "अरे, चेहरे मी काढायचे. कुठल्या चौकटीत काय येणार, मावशी केव्हा वळणार, काय बोलणार, सगळं मीच ठरवायचे. तुझा बाप शाई करायचा. हात सोन्यासारखा होता त्याचा. पण कोरा कागद समोर आला की त्याला घाम फुटायचा."

चिरंजीवांनी मान खाली घातली. बाई पुढे झाल्या. "आत्या, तुम्ही इतकी वर्षं कोणाला बोलला का नाहीत?"

"बोलायचं काय त्यात? कागदावर होतंच की. म्हटलं, छापून नाही आलं तरी मूळ पानांवर राहील. कधीतरी कुणी शिकलंसवरलेलं माणूस नीट बघेल."

मित्रांनो, ते शिकलेले माणूस समोर उभे होते, आणि त्याची नजर म्हणजे मी होतो. मला तेव्हा वाटले, कोणी तरी माझी तार उपटावी.

"शेवटचं पान पण लावलंय का?" आत्या विचारत होत्या. "तो दवाखान्यात होता, तेव्हा काढून ठेवलेलं. घरी आला की शाई करेल म्हणून. गठ्ठ्यात तळाशी होतं."

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी भिंतीवरच्या फ्रेमा भराभरा उतरवल्या आणि कात्रीच्या टोकाने खिळे उचकटायला घेतले. एका फ्रेमच्या पाठीत ते अर्धे पान सापडले. त्यांनी ते खिडकीशी उजेडात धरले. मग माझे ते बटण बंद केले आणि पान माझ्या काचेवर ठेवले.

तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा निळे पाहिले. किल्ली कुलपात होती. मावशीचे मनगट वळले होते. दार बोटभर उघडले होते. त्याखाली पात्याने कापलेली सरळ कड.

"खालच्या चौकटींत काय होतं, आत्या?" बाईंनी विचारले. "दारामागे काय होतं?"

आत्यांनी डोळे मिटले. "काहीतरी छान सुचलं होतं बघा. काढताना मी एकटीच हसले होते, एवढं आठवतंय." मग त्यांनी मान हलवली. "बाकी नाही आठवत, बाई. म्हणून तर काढून ठेवलं होतं."

बाईंनी छापायला गेलेले पुस्तक परत मागवले. त्यावर चित्रकार म्हणून आता भावाबहिणीचे, दोघांचे नाव आहे, बहिणीचे आधी. पहिल्याच पानावर बाईंनी आपली चूक कसलाही आडपडदा न ठेवता लिहिली. निळे कोणी खोडायला सांगितले, पान कोणी कापू दिले, सगळे. माझा त्यात उल्लेख नाही. यंत्राला कोण दोष देणार? पण दोष कोणी दिला नाही म्हणून तो फिटत नाही.

नंतर नवा स्कॅनर आला आणि मी कपाटावर गेलो. मित्रांनो, मला खाली उतरवा, पुसा, वापरा, असे मी म्हणणार नाही. माझे मागणे एवढेच, की कोणी एखादे पान कोरे म्हणून तुमच्या हातात दिले, तर ते एकदा स्वतः खिडकीशी नेऊन पाहा. ते शेवटचे पान अखंड होते तेव्हा माझ्याच काचेवर पालथे पडले होते. दारामागे जे होते, त्यावरून माझा दिवा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरला, आणि मी ते पुसून टाकले.