हंबीररावांचं बेट

चौऱ्याहत्तरच्या श्रावणात रेडिओवर सायप्रसच्या लढाईच्या बातम्या सुरू झाल्या आणि हंबीररावांचं जेवणावरून लक्ष उडालं. औंधजवळच्या त्यांच्या गावात सायप्रसची कुणाला फिकीर नव्हती. पण ग्रीस, तुर्कस्तान ही नावं कानावर आली की ते रेडिओपाशी जाऊन बसायचे.

त्यांच्या बायकोनं, अंजनानं, शेवटी विचारलंच, "आवं, तिकडं तुमचं कोण हाय?"

"कोण न्हाई. एक बेट हाय."

महायुद्ध संपल्यावर मराठा पलटणीतले हंबीरराव काही महिने कास्तेलोरिझो नावाच्या चिमुकल्या ग्रीक बेटावर पहाऱ्याला होते. घरात त्याविषयी कधी बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. बंदराच्या डोक्यावर कधीकाळी परक्या सरदारांनी बांधलेला तांबडा किल्ला होता. त्याच्या खाली कड्यातच कोरून काढलेलं, दाराला खांब असलेलं थडगं. किल्ल्याहूनही कितीतरी जुनं. समोर तुर्कस्तानचा किनारा, रात्री तिथले दिवे दिसायचे. एके काळी बंदरात गलबतांची दाटी असायची म्हणे. युद्धात बाँब पडले, तशी इंग्रजांनी सगळी माणसं बोटीत घालून दूरदेशी नेली, आणि मागं रिकामं गाव जळालं.

"मग परत आली का न्हाई?"

"थोडी आली. आमीच हात दिऊन उतरून घेतली. एक म्हातारी हुती. घराच्या नुसत्या भिंतीच राहिलेल्या. मला हाताला धरून आत नेलं न् दावत सुटली. हितं चूल, हितं पाळणा. तिची भाषा कळंना, पर समदं कळलं बघ."

 कोयनेच्या खोऱ्यातलं अंजनाचं माहेर धरणात गेलं होतं. आईबाप सांगलीकडच्या माळावर वसवले गेले आणि तिथंच संपले. तेव्हापासून तिनं गावाचं नाव काढलं नव्हतं.

आता ती म्हणाली, "माझं गाव कसं हुतं, ते मला कुणी इचारलंच न्हाई."

हंबीररावांनी रेडिओ बंद केला. "मी इचारतो. सांग."

ती सांगायला लागली, पण चारच वाक्यांत अडली. "असं बोलून न्हाई कळायचं. उन्हाळ्यात धरणाचं पाणी हटतं म्हणत्यात."

पुढच्या वैशाखात दोघं धरणातून लाँचनं तिच्या गावाला गेली. पाणी खरंच उतरलं होतं. देवळाचा चौथरा उघडा पडला होता, विहिरीचं तोंड दिसत होतं. अंजना पदर खोचून भेगाळलेल्या चिखलातून पुढं चालली होती आणि हंबीरराव मागून. देवळापासून पाणंद, पाणंदीनं वळण... तिथं ती थांबली. पुढं नुसता सपाट गाळ होता.

"घर घावंना," ती म्हणाली. चारी बाजूंना वळून पाहिलं, डोळे मिटले, पुन्हा पाहिलं. मग चार पावलं डावीकडं सरकून तिथंच खाली बसली.

"हितं आसंल?" हंबीररावांनी विचारलं.

"काय ठावं. आसंल." तिनं गाळावरून हात फिरवला. "बसा की."

ते शेजारी बसले. काठावरून लाँचवाल्यानं हाक मारली.

"थांब म्हणावं त्याला," अंजना म्हणाली आणि तिच्या बापानं भाताची खाचरं कशी रचली होती, ते सांगू लागली.