कड्याच्या मापाला उभी

मी कॅमेरा बोलतोय. थोडं मोठ्यानं बोलेन, कारण उभं आयुष्य वाऱ्यात गेलं. आमच्याकडचा वारा असा, की पक्षी पुढे उडायचे आणि मागे पोचायचे. खोटं वाटत असेल तर मी काढलेले फोटो बघा.

माझे मालक फोटोग्राफर. बाजारात त्यांचं छोटं दुकान होतं. सकाळी ओळखपत्रांचे फोटो, दुपारनंतर समुद्र. काळे कडे, पडका टेहळणी बुरूज, बंद पडलेलं दीपगृह, जुन्या धक्क्याचे दगड. "हे सगळं एक दिवस समुद्र गिळणार," ते म्हणायचे, "त्याआधी टिपून ठेवायचं."

पण कडा किती उंच, हे फोटोत कळत नाही. त्यासाठी शेजारी माणूस लागतो. मालकांनी बायकोलाच मापाला धरलं. प्रत्येक कड्याखाली, प्रत्येक बुरुजापाशी ती उभी. नखाएवढी आणि पाठमोरी.

"अहो, मान अवघडली. आता तरी वळू का?"

"वळू नकोस गं! लोक कडा सोडून तुलाच बघत बसतील."

"बघू देत की! तुमच्या त्या काळ्या दगडात बघण्यासारखं आहे तरी काय?"

मला हसू यायचं. माझं हसू म्हणजे कळ जराशी अडकायची. मालक मलाच शिव्या घालायचे.

एकदा बुरुजापाशी लाट आली. मी सांगतो म्हणून दीपगृहाएवढी धरा, खरी कमरेएवढी असेल. मालकीण किंचाळत, खदखदून हसत थेट माझ्याकडे पळत आली. ओले केस कपाळाला चिकटलेले, सगळा चेहरा माझ्या भिंगात. दचकून मालकांचं बोट कळीवर पडलं.

"हललीस! वाया गेला फोटो!"

फिल्म धुतल्यावर त्यांनी तेवढा तुकडा कापला आणि कचऱ्यात टाकला. बुरूज दिसत नव्हता ना त्यात!

मागच्या हिवाळ्यात ती गेली. लेक म्हणाली, "बाबा, आईचा एक फोटो द्या, भिंतीवर लावायला."

मालकांनी सगळे खोके उपसले. लग्नातला फोटो निघाला, पण त्यातली ती कोवळी पोर यांच्याबरोबर म्हातारी झालीच नव्हती. ओळखपत्रावरची तर मलाही ओळखू येईना. बाकी सगळीकडे पाठ. मालकांनी ती पाठ मोठी केली, अजून मोठी केली. शेवटी कागदावर नुसते करडे ठिपके उरले.

"एवढ्या गावाचे चेहरे काढले गं मी," ते लेकीला म्हणाले आणि खाली बसले. लेकीनं खोके आवरले.

आता मी खिडकीत असतो. माझ्यात फिल्म नाही. तरी मालक रोज मला डोळा लावतात, समोरच्या कड्याकडे बघतात आणि हळूच म्हणतात, "वळ गं आता."

तुम्ही समुद्रावर जाल, फोटो काढाल. कडा कुठे जात नाही. सोबतच्या माणसाला एकदा वळायला सांगा.

तो चेहरा मी पाहिलाय. दाखवता मात्र येत नाही. भिंगात काही राहत नसतं, असं म्हणतात. मग माझ्या भिंगाच्या आत ही ओल कुठून आली? खाऱ्या हवेची आहे, असं दुरुस्तीवाला म्हणाला.

म्हणू दे. त्यानं ती लाट पाहिली नव्हती.